वाचकांचे प्रश्न : वकिलाच्या चुकीची दाद कुठे मागायची?

या वेळी आलेल्या पत्रांत वकिलांविषयीच्या तक्रारींची संख्या लक्षणीय आहे. निवडक प्रश्न संक्षिप्त करून, पत्रलेखकांची आणि वकिलांची ओळख काढून टाकून दिले आहेत.

प्रश्न : आमच्याविरुद्ध जमिनीच्या साठेखताच्या आधारे खरेदीखत करून मिळण्याचा दावा होता. वकीलपत्र दिले, कैफियतही (दाव्याला आमचे लेखी उत्तर) दाखल झाली. पुढे वकीलसाहेब तारखांना गेलेच नाहीत आणि एकतर्फी हुकूमनामा (आमच्या गैरहजेरीत दाव्याचा निकाल) झाला. आम्हाला ते दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाची, नोटीस आली तेव्हा कळले. वकिलांवर नुकसानभरपाईचा दावा लावायचा आहे. (नाशिक जिल्हा)

वकिलांचे नंतर पाहू. आधी जमीन वाचवा, कारण त्या कामाला दिवस मोजून मिळतात.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली, ज्या कोर्टाने हुकूमनामा केला त्याच कोर्टात द्यायचा असतो. मुदत ३० दिवस. अनेकांची गफलत इथे होते : ‘आम्हाला कळल्यापासून ३० दिवस’ असे ते धरून चालतात. समन्स नीट बजावले गेले नसेल तरच मुदत कळल्या तारखेपासून मोजतात. तुम्ही वकीलपत्र दिले होते, म्हणजे समन्स पोचले होते. तुमचे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून धरले जातील आणि बहुधा ते उलटून गेले असतील. म्हणून मूळ अर्जासोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज लागेल. दरखास्तीला स्थगिती मागणारा अर्जही त्याच वेळी द्या. नाहीतर इकडे सुनावणी चालू असताना तिकडे कोर्टामार्फत खरेदीखत होऊन बसेल.

आजच दोन गोष्टी करा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून सगळ्या तारखा पाहा, आणि रोजनाम्याच्या व हुकूमनाम्याच्या सही-शिक्क्याच्या नकलांसाठी नक्कल अर्ज द्या. कोणत्या तारखेला कोण हजर होते, कोण गैरहजर, काय हुकूम झाला, हे रोजनाम्यात लिहिलेले असते. पुढची सगळी इमारत त्याच्यावर उभी राहते.

‘वकिलांनी कळवले नाही’ एवढ्या एका ओळीवरचे अर्ज फेटाळले जातात, आणि ते योग्यच आहे. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वकील नेमून आपले काम पूर्ण झाले असे समजणाऱ्या पक्षकाराला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा देऊ नये. या निकालाचा आधार सगळेच घेतात. पण १९९३ च्या सलिल दत्त प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, हा काही सरसकट नियम नाही. तिथे पक्षकार जाणती, शहरातली कंपनी होती आणि कोर्टाला वकिलावर ढकललेले कारण पटले नाही. त्यामुळे प्रतिज्ञापत्रात कोर्टाला दिसले पाहिजे की तुम्ही स्वतः झोपला नव्हता : कोणत्या महिन्यात वकिलांना भेटलात, काय उत्तर मिळाले, फी कधी आणि कशी दिली, नोटीस कोणत्या दिवशी आली, त्यानंतर प्रत्येक आठवड्यात काय केले. व्हॉट्सॲपचे निरोप जोडत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही जोडा, नाहीतर समोरचे वकील पहिली हरकत तीच घेतील. कोर्ट अर्ज मंजूर करतानाही बहुतेक वेळा खर्च भरायला लावते किंवा काही रक्कम जमा करायला सांगते. ती तयारी ठेवा.

एकतर्फी हुकूमनाम्यावर अपीलही करता येते : जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. मात्र अपिलाचा निकाल लागला की नियम १३ चा अर्ज चालत नाही. अपवाद एकच, अपील तुम्ही स्वतः मागे घेतले असेल तर. म्हणून आधी अर्ज, किंवा दोन्ही एकदम. आणखी एक बारकावा रोजनाम्यात तपासा. तुमचा पुरावा बराचसा नोंदवून झाल्यावर वकील गैरहजर राहिले असतील तर कोर्ट तो हुकूमनामा एकतर्फी नव्हे, गुणदोषांवरचा मानू शकते. तसे असेल तर नियम १३ उपयोगी नाही, अपील हाच रस्ता.

आता वकिलांवरचा दावा. हुकूमनामा रद्द झाला तर तुमचे नुकसान धावपळ, खर्च आणि नव्या वकिलांची फी एवढेच उरते. रद्द झाला नाही तरच जमिनीच्या किमतीचा प्रश्न येतो. म्हणून घाई नको. पण मुदत ३ वर्षांची आहे, ती डायरीत लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या वकिलांनी चेकच्या केसची मुदत घालवली. २०२२ मध्ये मी त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली. ती आता ‘चालण्यास पात्र नाही’ म्हणून काढून टाकली. म्हणजे वकील कायद्याच्या वर आहेत का? (पुणे)

नाहीत. फक्त दार बदलले आहे.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये म्हटले होते की वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात उलटवला. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या पीठाचे मुख्य कारण असे : वकील अशिलाच्या सांगण्याप्रमाणे आणि त्याच्या नियंत्रणाखाली काम करतो, ही व्यक्तिगत सेवेच्या करारासारखी गोष्ट आहे आणि तसा करार ग्राहक कायद्याने वगळलेला आहे. हे कारण सगळ्यांना पटेलच असे नाही. गावाकडचा अशील आपल्या वकिलावर किती ‘नियंत्रण’ ठेवतो, हे कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. पण आज कायदा हा आहे.

दिवाणी न्यायालय मात्र उघडे आहे. वकिलांच्या फीविषयीचा १९२६ चा एक छोटासा केंद्रीय कायदा आहे. त्याचे कलम ५ सांगते की, व्यावसायिक कामातल्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीसाठी वकिलावर दावा लावता येतो, केवळ तो वकील आहे म्हणून त्याला सूट नाही.

ग्राहक आयोगात गेलेली वर्षे बुडाली असे समजू नका. अधिकार नसलेल्या ठिकाणी चांगल्या हेतूने आणि तत्परतेने चालवलेल्या कामाचा काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा होतो. तुम्ही तक्रार केली तेव्हा आयोगाचा २००७ चा निर्णय होता, त्याला स्थगिती असली तरी प्रश्न निकालात निघालेला नव्हता. त्यामुळे चांगला हेतू दाखवणे अवघड नाही. पण ही सवलत कोर्ट आपणहून देत नाही. मुदतीतून सूट कोणत्या कारणाने मागता, ते आदेश ७ नियम ६ प्रमाणे दाव्याच्या अर्जातच लिहावे लागते. आयोगात तक्रार दाखल झाल्याची तारीख, काढून टाकल्याची तारीख आणि आदेशाची नक्कल जोडा. आदेशानंतर रेंगाळू नका, वजा होतो तो फक्त तिथे काम चालू असतानाचा काळ.

दाव्यात काय सिद्ध करावे लागेल? नेमणूक, म्हणजे वकीलपत्र किंवा फीची पावती. हयगय, म्हणजे साधारण काळजी घेणारा वकील असे वागला नसता हे. आणि त्या हयगयीमुळेच झालेले नुकसान. पहिल्या दोन गोष्टी कागदावर दिसतात. दावे पडतात ते तिसऱ्या गोष्टीवर. कोर्ट विचारते : वकिलाने सगळे वेळेत केले असते तर तुम्ही जिंकला असता का, आणि पैसे हातात पडले असते का? म्हणजे आधी हातची गेलेली केस या नव्या दाव्यात चालवून दाखवावी लागते.

तुमचेच उदाहरण घेऊ. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस पैसे देण्यासाठी, त्यानंतर १ महिन्यात फौजदारी तक्रार. वकिलांनी हा शेवटचा महिना घालवला असे समजू. सबळ कारण असेल तर तो उशीर माफ करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला आहे. तसा अर्ज दिला होता का? आणि फौजदारी रस्ता बंद झाला तरी पैसे वसुलीचा दिवाणी दावा ३ वर्षांत लावता येत होता. तो लावला का? चेक ६ लाखांचा असला तरी वकिलाकडून ६ लाख मिळतील असे धरू नका. वसुलीचा दुसरा रस्ता उघडा असताना तो वापरला नाही, तर नुकसान वकिलाने केले की तुम्ही, हा प्रश्न येतोच. उलट, वकिलाने ‘केस चालू आहे, तारीख पडली आहे’ असे खोटे सांगून तीन वर्षेही काढली असतील आणि ते निरोप तुमच्या फोनमध्ये असतील, तर तुमची बाजू फार भक्कम आहे.

मुदत घालवणे, गैरहजर राहणे, नकला वेळेत न मागणे, या चुका रोजनाम्यावरून सिद्ध होतात. कोणता साक्षीदार तपासायचा, उलटतपासात काय विचारायचे, कोणता मुद्दा सोडायचा, हे वकिलाच्या निर्णयाचे विषय आहेत. त्यात कोर्ट सहसा शिरत नाही. केस हरणे म्हणजे तर हयगय मुळीच नाही. जेकब मॅथ्यू या डॉक्टरांविषयीच्या २००५ च्या निकालातही ओघात म्हटले आहे की, वकील अशिलाला काही झाले तरी जिंकण्याची हमी देत नसतो.

वकिलांना व्यावसायिक विमा घेण्याची आपल्याकडे सक्ती नाही. तेव्हा हुकूमनामा मिळाला तरी वसुली त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेतून. लाखभर रुपयांसाठी पाच-सात वर्षे चालणारा दावा लावायचा का, याचा हिशेब आधी करा.

प्रश्न : वकील बदलायचा आहे. जुने वकील म्हणतात, राहिलेले ४० हजार द्या, मग फाईल आणि नाहरकत देतो. (कोल्हापूर)

फाईल अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा (२०००) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फीसाठी अशिलाची कागदपत्रे ताब्यात ठेवता येत नाहीत आणि मागूनही न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फी खरोखर बाकी असेल तर त्यांनी वसुलीचा दावा लावावा. तुम्हाला ती बुडवण्याची मुभा मात्र यातून मिळत नाही.

रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा. ‘माझी कागदपत्रे’ असे मोघम लिहू नका. मूळ खरेदीखत, त्याची तारीख, दस्त क्रमांक, अशी यादी द्या आणि ७ किंवा १५ दिवसांची मुदत घाला. नाहरकत हा रिवाज आहे, अडसर नाही. बार कौन्सिलच्या नियम ३९ प्रमाणे आधीच्या वकिलाची संमती मिळाली नाही तर नव्या वकिलाने ती का मिळत नाही हे सांगून कोर्टाची परवानगी मागायची असते. अर्ज साधा असतो. कोर्टात दाखल झालेल्या कागदांच्या नकला तुम्हाला कोर्टातूनच मिळतात, त्यासाठी जुन्या फाईलची वाट पाहत तारीख घालवू नका.

तरीही ऐकले नाही तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई यांच्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार. तक्रार मराठीत चालते. ती अर्जाच्या रूपात, सही आणि दिवाणी दाव्याप्रमाणे सत्यापन (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी निवेदन) करून, ठरलेल्या फीसह द्यावी लागते. सत्यापन नसलेली, नुसती संतापाने भरलेली पत्रे तिथेच अडकतात. प्रथमदर्शनी तथ्य वाटले तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. शिक्षा तीन प्रकारची : समज देणे, काही काळ सनद निलंबित करणे, किंवा वकिलांच्या यादीतून नाव काढणे. एक वर्षात निकाल लागला नाही तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत तिकडे अपील, आणि त्यापुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

तुमचे नुकसान भरून देणे हे या समितीचे काम नाही. ते दिवाणी कोर्टाचे. शिवाय एकदा तक्रार दाखल झाली की ‘आमचे मिटले’ म्हणून ती आपोआप बंद होत नाही. तडजोड झाली एवढ्याच कारणाने प्रकरण सोडू नये असा नियम आहे. फीच्या बोलणीत दबाव म्हणून तक्रार करू नये ती याचसाठी.

प्रश्न : समोरच्या पक्षाच्या वकिलाने खोटी कैफियत तयार केली. त्यांच्यावर तक्रार चालेल का? (लातूर)

सहसा नाही. गैरवर्तनाच्या तक्रारीसाठी तक्रारदार आणि वकील यांच्यात अशील-वकिलाचे नाते असणे साधारणपणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच बार कौन्सिलच्या प्रकरणांत म्हटले, आणि कौन्सिलला ५० हजार रुपये खर्चही भरायला लावला. कैफियतीतला मजकूर अशिलाच्या सांगण्यावरून असतो. तो खोटा असेल तर उलटतपासात पाडा.

प्रश्न : माझ्या संमतीशिवाय वकिलांनी तडजोडीची पुरसिस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) दिली आणि दावा निकाली निघाला. (सोलापूर)

अशिलाचा हक्क सोडून देणारी कबुली किंवा तडजोड त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय वकिलाने करू नये, हे हिमालयन को-ऑप. ग्रुप हाउसिंग सोसायटी (२०१५) या निकालात आले आहे. पण आधी तुमचे वकीलपत्र वाचा. छापील नमुन्यात ‘तडजोड करण्याचा अधिकार’ बहुधा असतोच. तडजोडीचा हुकूमनामा रद्द करायला नवा दावा लावता येत नाही. ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली तिथेच अर्ज द्यायचा. पुरसिशीवर तुमची सही आहे का, हे नक्कल काढून पाहिल्याशिवाय एकही शब्द लिहू नका.

प्रश्न : अपघाताच्या नुकसानभरपाईची रक्कम वकिलांनी स्वतःकडे वळवली, थोडीच मला दिली. (मडगाव)

इथे हयगयीचा प्रश्नच नाही, हा विश्वासघात आहे. बँकेचे उतारे आणि न्यायाधिकरणातून रक्कम कोणाच्या नावे, कधी काढली याचा दाखला मिळवा. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ लागू होते, आधीची असेल तर जुनी दंड संहिता. पोलीस तक्रार आणि बार कौन्सिलची तक्रार दोन्ही चालतात, एकासाठी दुसरी थांबवायची नसते. ‘निकालाच्या रकमेत २० टक्के माझे ठरले होते’ असे वकील म्हणतील. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियम २० ने मनाई आहे, आणि २०१७ च्या बी. सुनीता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशा फीची मागणी बेकायदा ठरवली आहे. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यास त्याची प्रत देणे वकिलावर बंधनकारक आहे. पहिले पत्र तेवढ्याच मागणीचे पाठवा.

प्रश्न : बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) दिला. त्यात आधीचे गहाण दिसलेच नाही. मी फ्लॅट घेतला आणि फसलो. (ठाणे)

ते वकील कोणाचे होते? रिपोर्ट बँकेने मागवला असेल तर त्यांची जबाबदारी मुख्यतः बँकेशी. फी तुमच्या खात्यातून कापली गेली तरी तेवढ्याने तुम्ही अशील ठरता असे नाही. फौजदारी बाजूने सीबीआय विरुद्ध के. नारायण राव (२०१२) हा निकाल सांगतो की, चुकीचा अभिप्राय दिला एवढ्यावरून वकील आरोपी होत नाही, फसवणुकीच्या कटात त्याचा सहभाग दिसला पाहिजे. तुमचा पहिला दावा विकणाऱ्यावर आहे. खरेदी करणाऱ्याने स्वतःचा वकील लावून सूची क्रमांक २ चा (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीचा) वेगळा शोध घ्यावा, आणि गहाण नोंदणीकृत नसून केवळ मूळ दस्त ठेवून केलेले असू शकते म्हणून मूळ कागद स्वतः पाहावेत.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. इथल्या वकिलाने आमच्या कामातली मुदत चुकवली. इथे काय पद्धत आहे? (अमेरिका)

तिकडे वकिलावर नुकसानभरपाईचा दावा ही रोजची गोष्ट आहे. तत्त्व तेच : मूळ केस तुम्ही जिंकला असता, हे दाखवायचे. न्यू जर्सीत मुदत ६ वर्षांची. प्रत्यक्ष नुकसान झाले आणि ते वकिलाच्या चुकीमुळे झाले हे कळले, किंवा कळायला हवे होते, तेव्हापासून ती मोजतात. वकिलाने उत्तर दाखल केल्यापासून ६० दिवसांत दुसऱ्या वकिलाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की दाव्यात सकृद्दर्शनी दम आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. हे प्रतिज्ञापत्र राहिले तर दावा कायमचा जातो. मुदत चुकवण्यासारखी उघड चूक सामान्य माणसालाही कळते म्हणून त्यात सूट मिळू शकते, पण तिच्या भरवशावर राहू नका. जिंकल्यास नव्या वकिलाची फीही जुन्या वकिलाकडून मिळते, अशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची १९९६ पासूनची भूमिका आहे. वाद नुसता फीचा असेल तर फी लवाद समितीकडे जा. अशिलाने तो रस्ता धरला की वकिलाला यावेच लागते. तुमचे वकील न्यू यॉर्कचे असतील आणि काम तिथल्या कोर्टातले असेल तर मात्र ६ वर्षे धरू नका. तिथे मुदत ३ वर्षांची आहे.